रुपया वधारला म्हणून रोखे मोडू नका, आधी आपले देणे कोणत्या चलनात आहे ते पाहा

डॉलरचा भाव ही आपल्याकडे फक्त बँकवाल्यांच्या कामाची गोष्ट राहिलेली नाही. मुंब्रा-कौसा घ्या, ठाण्याची राबोडी घ्या, कल्याणचा दूधनाका घ्या. आखातात कमावता माणूस असलेले घर कुठल्याही गल्लीत सापडते. त्यामुळे डॉलर चढला की घरात खुशी आणि रुपया वधारला की घबराट, असा रिवाजच पडून गेला आहे. घबराटीत माणूस दोनपैकी एक काम करतो. परकीय चलनातली ठेव किंवा रोखे मुदतीआधी मोडून टाकतो, नाही तर "डॉलर आज ना उद्या चढणारच" असे म्हणून उरलासुरला पैसाही त्यातच घालतो. दोन्ही कामे हिशोब न मांडता होतात, आणि दोन्हींत नुकसान घरच्या बायकामुलांचे होते.

माझे मत थोडक्यात सांगतो. रुपया वधारल्यावर रोख्यांत बदल करावा की करू नये, हे बाजारातल्या भावावरून ठरवू नये. आपल्याला पुढे जे देणे आहे ते कोणत्या चलनात आहे, आणि आपली रोजी कोणत्या चलनात येते, या दोन गोष्टींवरून ठरवावे. कापडाच्या व्यापारात आपण हेच करतो. ज्या मालाची मागणी आपल्या गिऱ्हाइकाला आहे तोच माल गोदामात भरतो. बचतीलाही हाच कायदा लागू आहे.

रुपया कधी वधारलाच नाही काय?

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पायरी ओलांडली. आज तिशीत असलेल्या मुलाने होश सांभाळल्यापासून रुपया बहुतेक घसरतानाच पाहिला आहे. त्याला वाटते, डॉलर म्हणजे एकच दिशेने जाणारी गाडी. वडीलधाऱ्यांची समजूतही काही वेगळी नाही. त्यांनी जून १९६६ मध्ये डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेलेला पाहिला. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन होऊन तो साधारण २१ वरून २६ च्या घरात गेला, तेही पाहिले. म्हणून डॉलरवरचा त्यांचा विश्वास पक्का.

पण मधला एक काळ लोक विसरतात. मे २००२ मध्ये डॉलर ४९ रुपयांच्या आसपास होता. २००७ संपताना तो ३९ रुपये ४० पैशांच्या जवळ आला. साडेपाच वर्षांत प्रत्येक डॉलरमागे साडेनऊ रुपये कमी झाले. दुबईचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे डॉलर पडला की दिरहमही तितकाच पडतो. महिन्याला २,००० दिरहम कमावणाऱ्या माणसाचे घरी २००२ मध्ये सुमारे २६,७०० रुपये होत असत. २००७ च्या शेवटी त्याच पगाराचे सुमारे २१,५०० झाले. मेहनत तीच, घाम तोच, आणि घरात महिन्याला पाच हजारांची तूट. मुलांची फी आणि खोलीचे भाडे मात्र दिरहमचा भाव विचारून ठरत नव्हते.

दुसरे उदाहरण २०१३ चे. त्या वर्षी २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपये ८० पैशांच्या आसपास गेला. तेव्हा आता सत्तर, मग ऐंशी, अशी हवा होती. ऑक्टोबरमध्ये तोच डॉलर ६१-६२ वर आला. ज्यांनी ६८ च्या भावात डॉलरच्या ठेवी वाढवल्या, त्यांना तो भाव पुन्हा दिसायला अडीच वर्षे थांबावे लागले. ज्यांना थांबणे शक्य होते त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांच्या घरी त्याच हिवाळ्यात निकाह होता, त्यांना लाखामागे दहा हजारांची खोट सोसावी लागली.

दोन रोख्यांचा धडा

परकीय चलनाच्या रोख्यांचा अनुभव आपल्या लोकांना नवा नाही. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, परदेशांनी निर्बंध घातले, आणि ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने अनिवासी भारतीयांसाठी रिसर्जंट इंडिया बाँड काढले. मुदत पाच वर्षे. डॉलरवर ७.७५ टक्के, पौंडावर ८ टक्के, जर्मन मार्कवर ६.२५ टक्के. त्यातून ४२० कोटी डॉलर जमा झाले. दोन वर्षांनी, २००० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, इंडिया मिलेनियम डिपॉझिट आले. मुदत तीच. डॉलरवर ८.५०, पौंडावर ७.८५ आणि युरोवर ६.८५ टक्के. त्यातून ५५० कोटी डॉलर जमले.

आता हिशोब पाहा. १९९८ मध्ये १०,००० डॉलरचे रोखे घेतले तेव्हा त्याचे रुपये सव्वाचार लाखांच्या आसपास होते. ऑक्टोबर २००३ मध्ये मुदत भरली तेव्हा मुद्दलाचे सुमारे साडेचार लाख झाले. पण याच माणसाने मे २००२ मध्ये मनातल्या मनात हिशोब केला असता, तर मुद्दल चार लाख नव्वद हजार दिसले असते. म्हणजे त्याने काही गमावले नव्हते, तरी शेवटच्या सव्वा वर्षात चाळीस हजार गेल्याची हळहळ त्याच्या मनात राहिली. बाजाराचा भाव पाहत बसणाऱ्याला अशीच तळमळ लागते.

मिलेनियमची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. नोव्हेंबर २००० मध्ये डॉलर ४६-४७ रुपये होता, डिसेंबर २००५ मध्ये ४५-४६. म्हणजे डॉलरवाल्याला मुद्दलात रुपयांनी काहीच वाढ मिळाली नाही, उलट थोडी घट झाली. युरोचा दर सर्वांत कमी म्हणून बहुतेकांना डॉलरचे साडेआठ टक्केच गोड वाटले. पण २००० मध्ये युरो पडलेला होता, रुपयांत सुमारे ४०. २००५ च्या शेवटी तो सुमारे ५४ झाला. १०,००० युरोचे चार लाखांचे मुद्दल पाच लाख चाळीस हजार झाले. ज्या चलनाला व्याज कमी, त्याच चलनाने मुद्दल वाढवले.

यावरून "युरो घ्या" असा सल्ला कोणी काढू नये. २००० साली युरो चढेल हे छातीठोकपणे कोणालाच सांगता आले नसते. धडा एवढाच की रोख्यावर छापलेला टक्का ही अर्धीच गोष्ट असते. उरलेली अर्धी चलनाच्या हाती असते, आणि ती कोणी छापून देत नाही.

व्याजाचा सवाल

इथे काही बंधू म्हणतील, व्याजाचे रोखे मुसलमानाने घ्यावेतच कशाला? सवाल रास्त आहे. ठरलेल्या टक्क्याने मिळणारे व्याज रिबा आहे, हे बहुसंख्य उलमांचे मत आहे, आणि फतवा देणे व्यापाऱ्याचे काम नव्हे. ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारावे. पण दोन गोष्टी मी इमानदारीने मांडतो.

पहिली अशी की, रोखे टाळले म्हणून चलनाचा हिशोब टळत नाही. घरात ठेवलेले सोने जगाच्या बाजारात डॉलरमध्ये विकले जाते. रुपया वधारला की तेच सोने रुपयांत स्वस्त होते, जगात भाव हलला नाही तरी. परदेशी गिऱ्हाइकाला नव्वद दिवसांच्या उधारीवर दिलेला माल हाही एक रोखाच आहे, फक्त त्यावर व्याज नाही. २००७ च्या सुरुवातीला ४४ च्या भावाने धरलेला १०,००० डॉलरचा सौदा, पैसे यायला ऑक्टोबर उजाडला तर ४० च्याही खाली वसूल झाला. चाळीस हजारांहून अधिक गेले, म्हणजे सौद्याचा नऊ टक्क्यांवर भाग. कापडाच्या निर्यातीत निव्वळ नफा तरी तेवढा असतो काय? त्या वर्षी तिरुपूरपासून मुंबईपर्यंत निर्यातदारांनी ओरड केली आणि केंद्र सरकारला सवलती जाहीर कराव्या लागल्या. सवलत मोठ्या निर्यातदाराला मिळाली. त्याच्यासाठी घरात भरतकाम करणाऱ्या कारागिराची मात्र मजुरी कापली गेली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. व्याजापासून पळणारा आपला माणूस अनेकदा त्याहून मोठ्या खड्ड्यात पडतो. बंगळूरच्या आयएमए कंपनीने हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो मुसलमान घरांचा पैसा घेतला आणि जून २०१९ मध्ये तिचा मालक देश सोडून पळाला. व्याजमुक्त बँकिंगचा मुद्दा रघुराम राजन समितीने २००८ मध्ये मांडला होता, पण रिझर्व्ह बँकेने तो पुढे न नेण्याचा निर्णय घेतल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. म्हणजे कायदेशीर दुकान बंद, आणि बेकायदा दुकाने उघडी. अशा वेळी "रुपया वधारतोय, तुमच्या डॉलरचा पैसा आमच्याकडे लावा, महिन्याला ठरलेला मुनाफा देतो" असे म्हणत कोणी दारात आला, तर समजा की ठरलेला मुनाफा हे व्याजाचेच दुसरे नाव आहे, आणि वर मुद्दलाचीही खात्री नाही. तिजारतीत नफा कधी ठरलेला नसतो. हे आपल्याहून चांगले कोणाला ठाऊक?

रुपया वधारला की देशातले रोखेही हलतात

परकीय रोखे मोडून रुपयाच्या रोख्यांत पैसा टाकला की प्रश्न सुटला, असे समजणेही भोळेपणाचे आहे. परदेशातून डॉलर भरपूर येऊ लागले की रुपया वधारतो. तो फार चढू नये म्हणून रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेते आणि बदल्यात रुपये देते. बाजारात रुपये वाढले की व्याजाचे दर पडतात. असाच प्रकार २००३ पर्यंत झाला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा दर २००० मध्ये ११ टक्क्यांच्या आसपास होता, तो २००३ मध्ये ५ टक्क्यांपर्यंत खाली आला. शेवटी हे जादा रुपये शोषून घेण्यासाठी एप्रिल २००४ मध्ये बाजार स्थिरीकरण योजनेचे रोखे काढावे लागले.

दर पडले की जुन्या रोख्यांचे भाव चढतात आणि लोकांना रोखे म्हणजे सोन्याची खाण वाटू लागते. नेमके तेव्हाच लांब मुदतीचे नवे रोखे घेणे धोक्याचे असते. ५ टक्क्यांचा दहा वर्षांचा शंभर रुपयांचा रोखा घेतला आणि बाजाराचा दर ७ टक्के झाला, तर त्या रोख्याची किंमत सुमारे ८६ रुपये उरते. २००३ नंतर दर चढत गेले आणि २००८ च्या मध्यावर ९ टक्क्यांच्या पुढे पोहोचले. म्हणून रुपया बराच वधारून झाल्यावर बदल करायचाच असेल, तर तो आखूड मुदतीकडे करावा. एक-दोन वर्षांची मुदत घ्यावी म्हणजे दर फिरले तर आपल्यालाही फिरता येते. लांब मुदतीच्या कागदात त्या वेळी पैसा अडकवणे म्हणजे भाव चढलेला असताना वर्षभराचा माल भरून ठेवणे.

ज्याने डॉलर पाहिलाही नाही, त्याचे काय?

भिवंडीचा यंत्रमागवाला म्हणेल, मला डॉलरशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. पॉलिस्टर सुताचा भाव खनिज तेलाशी आणि जगाच्या बाजाराशी बांधलेला आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवणाऱ्यांना लागणाऱ्या रसायनांचेही तसेच. रुपया वधारला की बाहेरचे सूत आणि बाहेरचे कापड स्वस्त पडते, आणि गोदामात जुन्या भावाने भरलेला ग्रे माल अंगावर येतो. म्हणजे डॉलर हातात न घेता त्याचा माल डॉलरमध्येच बसलेला असतो. अशा माणसाने बचतही डॉलरच्या मागे जाणाऱ्या वस्तूंत, म्हणजे सगळीच्या सगळी सोन्यात ठेवली, तर रुपया वधारताच धंदा आणि बचत एकाच वेळी खाली येतात. त्याची निदान निम्मी बचत रुपयांत हवी.

आखातातल्या नोकरदाराचेही हेच. त्याची रोजी दिरहम-रियालची, म्हणजे डॉलरची. त्याच्या घरचा खर्च रुपयांचा. त्याने बचतही सगळी डॉलरच्या ठेवीत ठेवली तर दोन्ही पाय एकाच होडीत. उलट ठाण्यातला किराणा दुकानदार घ्या. त्याची रोजी रुपयांची, जागा रुपयांची, गिऱ्हाईक रुपयांचे. त्याने हजची नियत केली असेल तर मक्का-मदिनेतला खर्च रियालमध्ये होणार आहे, आणि रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. २०१८ मध्ये हजचे अनुदान बंद झाल्यापासून हा भार पूर्ण हाजीच्या अंगावर आहे. अशा माणसाने रुपया वधारलेला असताना थोडे सोने घेऊन ठेवणे शहाणपणाचे. रुपयाच्या मजबुतीचा फायदा त्यालाच घेता येतो.

मग करावे काय?

एक कागद घ्या आणि दोन रकाने पाडा. एकात येत्या पाच वर्षांतली देणी लिहा. मुलीचा निकाह, मुलाची फी, खोलीचा हप्ता, हज, मशीन. प्रत्येकासमोर साल आणि चलन लिहा. दुसऱ्या रकान्यात आपल्याकडे असलेले सारे लिहा. ठेवी, रोखे, सोने, उधारी, गोदामातला माल. त्यासमोरही चलन आणि मुदत लिहा. जिथे दोन्ही बाजूंचे चलन आणि साल जुळते, तिथे हात लावू नका, रुपया कितीही वर-खाली होवो. जिथे जुळत नाही, तिथेच बदल करा, आणि तोही एकदम नको. तीन-चार हप्त्यांत करा, म्हणजे एकाच दिवसाच्या भावावर सारी कमाई लागत नाही.

अनिवासी बंधूंनी दोन खात्यांतला फरक ओळखावा. एनआरई खाते रुपयांचे असते, त्यात पैसा टाकला की तो त्या दिवसाच्या भावाने रुपया झाला. एफसीएनआर ठेव परकीय चलनातच राहते, तिची मुदत एक ते पाच वर्षे असते, आणि वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही. कायमचे घरी परतलात तरी ही ठेव मुदत भरेपर्यंत चालू ठेवता येते आणि नंतर आरएफसी खात्यात परकीय चलनातच ठेवता येते. "परत आलो, आता डॉलर मोडावेच लागतील" ही समजूत चुकीची आहे. ज्यांना व्याज नको आहे त्यांनी ते मुद्दलापासून वेगळे ठेवावे आणि त्याचे काय करायचे ते आलिमांना विचारावे. जकातीच्या दिवशी मात्र परकीय मुद्दलाचा हिशोब त्या दिवसाच्या भावाने करावा, मागच्या साली लिहिलेल्या आकड्याने नव्हे.

निर्यातीचा माल देणाऱ्या व्यापाऱ्यांनी उधारीची मुदत कमी करून घ्यावी. बँकेकडे आगाऊ भाव बांधून घेण्याची सोय आहे, पण चलनाची खरेदी-विक्री हातोहात व्हावी असा शरियतचा दंडक असल्याने त्यावर उलमांत चर्चा आहे. काहींनी एकतर्फी वायद्याचा मार्ग जायज मानला आहे. विचारून पाऊल टाकावे. आणि रुपया चढल्याचे निमित्त करून कारागिराची मजुरी कापण्याआधी स्वतःला एक सवाल विचारावा. डॉलर चढला होता, तेव्हा आपण त्याची मजुरी वाढवली होती काय?

रुपया पुन्हा वधारेल की घसरेल, हे जो ठामपणे सांगतो त्याच्यापासून दूर राहा. गैबचे इल्म अल्लाहकडे आहे. आपल्या हाती हिशोब आहे, आणि तो साफ ठेवणे हाही अमानतीचाच भाग आहे. आखातात उन्हात उभे राहून कमावलेला पैसा आणि मागाच्या खडखडाटात कमावलेला पैसा घबराटीत मोडण्यासाठी नसतो. या जुम्म्याच्या नमाजनंतर अर्धा तास काढा, घरच्यांना बरोबर घ्या, आणि तो दोन रकान्यांचा कागद लिहून काढा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.